अर्जाच्या तारखेआधी

आधी नियम समजून घ्या, कारण तो मोडलात तर पुढचा सगळा प्रवास वाया जाईल. ज्या तारखेला तुम्ही उतराल, त्या तारखेनंतर जगात जे घडलं ते तुम्हाला ठाऊक नाही. त्या दिवशी त्या धंद्यातल्या जाणत्या कारागिराला जेवढं माहीत होतं, तेवढंच डोक्यात ठेवून बघायचं. पेटंटच्या कायद्याचाच हा नियम आहे. पेटंट कार्यालयातला परीक्षक असो, वकील असो की हायकोर्टाचे न्यायमूर्ती, प्रत्येकाला अर्जाच्या तारखेला जाऊन उभं राहावं लागतं आणि विचारावं लागतं : हे आधीच होतं का? आज सोपं दिसतंय म्हणून तेव्हाही ते सोपंच होतं असं ठरवून टाकणं, यासारखा अन्याय या कामात दुसरा नाही.

आता निघा. वसई रोडला पूर्वेकडे उतरा, शेअर रिक्षाने वालीवला या. इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या गल्लीतला हा गाळा तुमचा आहे. आत प्लास्टिक मोल्डिंगची तीन मशिनं चालू आहेत आणि वितळलेल्या दाण्यांचा वास भिंतींत मुरलाय. मधल्या मशीनसमोर उभे राहा. साचा उघडतो. वरून एक यंत्राचा हात आत येतो, त्याच्या टोकाचे चार रबरी कप डब्याच्या झाकणाला चिकटतात, पाइपातून हवा खेचली जाते, झाकण उचललं जातं आणि बाजूच्या क्रेटमध्ये पडतं. पुन्हा साचा बंद.

हे झालं चांगल्या दिवशी. झाकण पातळ आहे, अजून गरम आहे, मधूनच एका अंगाला वाकतं. वाकलं की कपाखाली हवा शिरते, पकड सुटते, झाकण साच्यातच राहतं आणि पुढच्या ठोक्याला साचा त्याच्यावर आपटतो. काही पैशांच्या झाकणापायी लाखोंचा साचा खराब. म्हणून तुम्ही हाताच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगची दोन बोटं बसवलीत. कपातली ओढ कमी होऊ लागली की त्या क्षणी बोटं झाकणाच्या कडेखाली सरकतात. ओढ टिकली तर बोटं बाहेरच राहतात, म्हणजे चांगल्या झाकणावर ओरखडा नाही. ही जुळवणी बसेपर्यंत तुम्ही आणि तुमच्या फिटरने किती रात्री या मशीनपाशी काढल्या, ते तुम्हा दोघांनाच माहीत.

टेबलावर पेटंट नाकारल्याचा आदेश पडलाय. त्यात दोन जुने दस्तऐवज पुढे केलेत, परीक्षकांच्या भाषेत डी-वन आणि डी-टू. पहिल्यात कप आणि बोटं एकाच हातावर आहेत. दुसऱ्यात कपातली ओढ मोजणारा सेन्सर आहे. मग तुमचं नवीन ते काय?

पेटंट कायद्याच्या कलम ११७-अ खाली अपील करायला तीन महिने मिळतात. अशी अपिलं २००७ पासून बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात. चेन्नईला मुख्यालय असलेलं ते मंडळ एप्रिल २०२१ मध्ये बरखास्त झालं आणि अपिलं पुन्हा हायकोर्टांकडे आली. मुंबईच्या पेटंट कार्यालयाचा आदेश असला की मुंबई हायकोर्ट. म्हणजे विरारहून येणारी फास्ट लोकल, चर्चगेट आणि तिथून चालत फोर्ट. पण त्या गाडीत बसण्याआधी तुम्हाला मागे जायचंय. डी-वन काय आहे हे नुसतं वाचून कळत नाही. ज्यांनी ते पहिल्यांदा केलं, त्यांच्या शेजारी उभं राहावं लागतं.

१९६१. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात, ट्रेंटनजवळ जनरल मोटर्सचा कारखाना. डाय कास्टिंगच्या मशीनमधून धातूचे तापलेले भाग बाहेर पडतायत. ते उचलण्याचं काम माणसाचं होतं. भाजणं, धूर, बोटं जाणं, सगळं त्या कामाचा भाग समजलं जाई. आज तिथे युनिमेट नावाचा अवजड यंत्रहात बसलाय. हात आत जातो, भाग पकडतो, बाहेर काढतो, आणि पुन्हा आत. दमत नाही, कुरकुरत नाही. शेजारचे कामगार हातातलं काम थांबवून बघतायत. त्यांच्या नजरेत कुतूहल आहे आणि काळजीही. ती काळजी खोटी नव्हती.

पण तुम्ही चुकीच्या तारखेला उतरलायत. कायद्याच्या दृष्टीने हा क्षण सात वर्षांपूर्वीचा आहे. जॉर्ज डेव्हॉल यांनी अर्ज केला १० डिसेंबर १९५४ रोजी. पेटंट हातात पडलं १३ जून १९६१ ला. शोधाचं नाव अगदी साधं : ‘प्रोग्राम्ड आर्टिकल ट्रान्सफर’. एक वस्तू इथून उचलून तिथे ठेवायची, दिलेल्या आज्ञांप्रमाणे. चला १९५४ मध्ये, आणि तिथे उभं राहून मागे बघा. यंत्राचा हात तेव्हा नवा होता का? नव्हता. विलर्ड पोलार्ड यांना रंगफवारणीसाठीच्या यंत्रभुजेचं पेटंट १९४२ मध्येच मिळालं होतं. रेमंड गोर्ट्झ यांनी शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत किरणोत्सारी पदार्थ दुरून हाताळणारे हात बनवले होते : भिंतीच्या अलीकडे माणूस आपला हात हलवतो, पलीकडे यंत्राचा हात तसाच हलतो. (अशाच मास्टर-स्लेव्ह जोड्या पुढे आपल्या तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रातही तयार झाल्या.)

मग डेव्हॉल यांना पेटंट कसं मिळालं? त्यांनी हातावर हक्क सांगितला नाही म्हणून. हालचालींचा क्रम यंत्राच्या स्मृतीत साठवायचा, काम बदललं की तोच हात ठेवून नुसता क्रम बदलायचा, हे त्यांचं होतं. हात आधीच्यांचा, आठवण त्यांची. इथे थोडा वेळ थांबा, कारण तुमच्या अपिलाची किल्ली इथे आहे. आधी काहीतरी होतं, एवढ्याने कुठलाच शोध मरत नाही. जे आधी होतं त्यात तुम्ही नेमकं मागितलेलं सगळं, एकाच जागी, होतं का, हा प्रश्न आहे. आणि तुम्ही नेमकं काय मागितलंय, ते अर्जातल्या दाव्यांत लिहिलेलं असतं, तुमच्या मनात नव्हे.

आणखी मागे. ३ मार्च १८५६, कलकत्ता, ७ ग्रँट्स लेन. जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग नावाचे सिव्हिल इंजिनीअर सरकारकडे अर्ज पाठवतायत. शोध आहे छताचा पंखा ओढणारं यंत्र. त्याच वर्षी झालेल्या नव्या कायद्याखालचा देशातला हा पहिला अर्ज. बाहेर व्हरांड्यात पंखेवाला दोरी ओढत बसलाय. यंत्र त्याचाच हात काढून घेणार आहे. या देशातला पहिला नोंदलेला शोधसुद्धा माणसाच्या हाताचं काम यंत्राला देणाराच होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या दप्तरांत नोंद झाली ती यंत्राची. दोरी ओढणाऱ्याचं नाव मात्र तुम्हाला त्या कागदांत सापडणार नाही.

आता जरा जास्त वेळ लागणारा मुक्काम. १९५१, मिर्झापूर.

गंगेकाठचं गाव. गल्लीत शिरलात की पितळेचा खणखणाट कानात बसतो. इथे ताटल्या, वाट्या, जर्मन सिल्व्हरची भांडी होतात. एका कारखान्यात लेथ फिरतोय. ताटली खरवडून गुळगुळीत करायची तर ती लेथवर घट्ट धरावी लागते, आणि उथळ ताटली धरायची कुठे? जुनी रीत अशी : लेथच्या फिरत्या डोक्याला ताटली तापल्यावर मऊ होणाऱ्या मसाल्याने चिकटवायची, नाहीतर चकच्या जबड्यात अडकवायची. मागून टेकू काहीच नाही. कारागीर पटाशी टेकवतो, धातूचे कीस उडतात, आणि मग कधीतरी मसाला सुटतो. ताटली सुटून भिंगरत येते. समोर माणसाचं तोंड असतं.

इथल्याच हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या फर्मच्या एका भागीदाराने तोडगा काढला. लेथच्या दुसऱ्या टोकाला टेलस्टॉक असतो; त्यातल्या दाबदांड्याने ताटली मागून दाबून धरायची. ताटली उडत नाही, काम पटपट होतं, झळाळी चांगली येते. डिसेंबर १९५१ मध्ये अर्ज झाला आणि १९११ च्या कायद्याखाली पेटंटही मिळालं, क्रमांक ४६३६८. नीट बघा त्या यंत्राकडे. वस्तू धरण्याचं साधन आहे ते. तुमच्या वालीवच्या ग्रिपरचं थोरलं भावंडच.

थोड्याच काळात गावातली दुसरी फर्म, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम, तशीच रीत वापरताना आढळली. नोटीस गेली, दावा झाला, आणि समोरच्यांनी पेटंटच रद्द करा म्हणून अर्ज केला. अलाहाबाद हायकोर्टात एकल न्यायाधीशांनी पेटंट रद्द केलं. खंडपीठाने ते पुन्हा उभं केलं. मग प्रकरण दिल्लीला.

१३ डिसेंबर १९७८, सुप्रीम कोर्ट. मागच्या बाकावर बसा. अर्जाला २७ वर्षं झालीत. जुन्या कायद्यात पेटंटची मुदतच १६ वर्षांची होती. न्यायमूर्ती रणजित सिंग सरकारिया यांचा निकाल : पेटंट रद्द. कारण असं की टेलस्टॉक जुना, त्याचा दाब जुना, वस्तू दोन टोकांत धरून फिरवणं जुनं. लेथवर काम करणाऱ्याला हे सुचणं म्हणजे वर्कशॉपातली सुधारणा. जुने भाग एकत्र आणायला कायद्याची ना नाही. पण त्या एकत्र येण्यातून नवा परिणाम, नवी वस्तू किंवा आधीपेक्षा सरस वा स्वस्त वस्तू निघाली पाहिजे, आणि ते सुचण्यात शोधाची झेप दिसली पाहिजे. पेटंटच्या खटल्यांत आजही हा निकाल पुढे केला जातो.

तुम्हाला राग येईल. माणसाचं तोंड फुटण्यापासून वाचवणारी युक्ती आणि तिला नुसती सुधारणा म्हणायचं? मलाही पहिल्यांदा वाचताना तसंच वाटलं होतं. पण त्या निकालाचा दुसरा अर्थ मिर्झापूरच्या गल्लीत जाऊन बघा. ताटली मागून दाबून धरायला आता कुणाचीच परवानगी नको. लेथ चालवणारा कुठलाही कारागीर ती रीत वापरू शकतो, कारण लेथचं ते ज्ञान पिढ्यांनी कमावलेलं होतं, आणि पिढ्यांनी कमावलेल्यावर एका फर्मला कुंपण घालता येणार नाही असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. ‘हे आधीच होतं का’ हा प्रश्न संशोधकाला अडवायला काढलेला नाही. आधी राबलेल्यांची कमाई त्यांच्याकडून, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या सगळ्यांकडून, कुणी हिरावू नये म्हणून तो आहे.

म्हणून परत वालीवला या, पण आजच्या नाही. ऐंशीच्या दशकातल्या. मुंबईत जागा परवडेना म्हणून छोटे कारखानदार इकडे सरकतायत. गाळ्यांचे पत्रे अजून चकाकतायत आणि रस्त्यावर चिखल आहे. तुमच्या शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस धडधडतोय. पत्र्याचा तुकडा डायखाली सरकवायचा, पाय दाबायचा, ठोका पडला की जॉब बाहेर काढायचा. हात आत असताना ठोका पडला तर बोट गेलंच. इथल्या मिस्त्रीने एक चिमटा केलाय : पोलादी पट्टीच्या दोन स्प्रिंग बोटांचा, जॉबच्या कडेखाली आपोआप सरकणारा. मूठ लाकडाची, त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. चिमटा हातात घ्या. बोटांची टोकं कानशीने गोल केलीत, पत्र्याला खरचटू नये म्हणून. तुम्ही ज्यासाठी रात्री जागलात ती अर्धी गोष्ट या माणसाने कितीतरी वर्षांपूर्वी केलेली आहे. इस्टेटीतल्या चार-पाच गाळ्यांनी त्याच्याकडून तसे चिमटे करून घेतले. कुणी कागदावर काढलं नाही, कुठे छापून आलं नाही.

कायद्यात याला जागा आहे का? आहे. पेटंट द्यायच्या आधी विरोध करता येतो, कलम २५ खाली, आणि कुणालाही करता येतो. अर्जाच्या तारखेआधी ती गोष्ट भारतात उघडपणे माहीत होती किंवा वापरात होती, हे एक कारण त्यात स्पष्ट दिलंय. आणि उघडपणे माहीत म्हणजे सगळ्या जगाला माहीत, असं नव्हे. मोन्सॅन्टो विरुद्ध कोरामंडल इंडॅग या १९८६ च्या निकालात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी सांगितलंय की त्या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांना, व्यापाऱ्यांना किंवा ग्राहकांना माहीत असलं तरी पुरे. इस्टेटीतले चार-पाच गाळे गुप्ततेच्या कसल्याही अटीशिवाय चिमटा वापरत होते, ही काही लहान बाब नाही. अडचण एकच, पुराव्याची. चिमटा होता हे सगळे सांगतील. कधी होता, हे दाखवणारा कागद हवा.

लंडनला जाऊन या, पटकन. मार्च २०२३. गोदामात जाळीवर धावून खोकी उचलणाऱ्या रोबोंवरून नॉर्वेची ऑटोस्टोर आणि ब्रिटनची ओकाडो यांची लढाई चाललीय. ऑटोस्टोरची पेटंटं तिथल्या हायकोर्टाने अवैध ठरवली. जुन्या कुठल्या संशोधकाने घात केला नाही. अर्ज करण्याआधी, २०१० साली, ऑटोस्टोरनेच आपली कल्पना रशियाच्या मध्यवर्ती बँकेपुढे मांडली होती, आणि ती माहिती गोपनीय राहण्याचं बंधन तिथे नव्हतं असं ठरलं. जुलै २०२३ मध्ये तडजोड झाली. ऑटोस्टोरने ओकाडोला २० कोटी पौंड द्यायचं कबूल केलं.

आता खिशातला मोबाइल काढा. ग्रिपर चालताना काढलेला व्हिडिओ तुम्ही एका ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. तारीख बघा. घाम फुटेल क्षणभर. अर्ज त्याच्या तीन आठवडे आधी गेला होता, म्हणून वाचलात. वसईत कितीतरी गाळ्यांत उलटं होतं : आधी ग्राहकाला दाखवायचं, ऑर्डर मिळाली की मग पेटंटचं बघू. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात वगैरे मांडलं तर कायदा बारा महिन्यांची सवलत देतो, व्हॉट्सअ‍ॅपला नाही. हे कुणीतरी इस्टेटीच्या गेटवर ठळक अक्षरांत लिहायला हवं.

आता फोर्ट. हायकोर्टाची १८७८ मध्ये पूर्ण झालेली काळ्या दगडाची इमारत समोर आहे, पण आधी रस्त्यापलीकडे वकिलांच्या चेंबरमध्ये. तरुण वकीलबाईंनी डी-वन, डी-टू आणि तुमचे दावे शेजारी-शेजारी मांडलेत.

‘‘सर, दावा क्रमांक एक वाचू? रबरी कप आणि स्प्रिंगची बोटं असलेला, वस्तू उचलणारा हात. एवढंच लिहिलंय.’’

‘‘ते जुनं आहे,’’ तुम्ही म्हणता. ‘‘डी-वनमध्ये आहे. बोटं तर आमच्या शेजारच्या मिस्त्रीचीच आहेत.’’

त्या पेन खाली ठेवतात. ‘‘म्हणजे सोडायचा?’’

‘‘सोडा.’’

हा निर्णय मिर्झापूरला झाला होता, आत्ता फक्त तोंडातून बाहेर पडला. परीक्षकाचं एक नंबरच्या दाव्याबद्दल बरोबर होतं. कोर्टात ते नाकारत बसलात तर चार नंबरच्या दाव्यावरचा विश्वासही उडेल, आणि तुमची खरी गोष्ट चार नंबरमध्ये आहे : ओढ घसरल्यावरच, आणि तेव्हाच, बोटं सरकणं.

पान उलटा. डी-वनमधली बोटं प्रत्येक वेळी कपांसोबतच मिटतात, ओढ असो वा नसो. डी-टूमधला सेन्सर ओढ गेली की मशीन थांबवतो आणि दिवा लावतो, बस्स. घसरणाऱ्या ओढीने बोटांना हाक द्यावी, हे पहिल्यात नाही आणि दुसऱ्यातही नाही. म्हणून ‘आधीच उघड झालेलं’ हा आक्षेप टिकत नाही, कारण त्यासाठी सगळं एकाच दस्तऐवजात सापडायला हवं. दोन कागद शिवून एक करता येत नाहीत. राहतो दुसरा आक्षेप, की जाणत्या माणसाला हे दोन जोडणं सहज सुचलं असतं. तिथे सरकारियांचा निकाल तुमच्याविरुद्ध वाचला जाणार, आणि तुमच्या बाजूनेही तोच वाचायचाय. डी-वन बनवणाऱ्याला ओरखड्याची फिकीर नव्हती. बोटं बाहेर ठेवावीत असं त्याला वाटायला कारणच नव्हतं. डी-टू बनवणाऱ्याला मशीन थांबलेलं चालत होतं. दोघांपैकी कुणीही तुमच्या अडचणीकडे तोंड करून उभं नव्हतं. जोडणीचा परिणामही नवा आहे : साचा वाचतो, झाकण स्वच्छ राहतं, मशीन थांबत नाही.

‘‘हे न्यायमूर्तींना त्या तारखेला नेऊन दाखवावं लागेल,’’ बाई म्हणतात. ‘‘तुमचा हात चालताना बघितला की सगळ्यांना वाटतं, यात काय एवढं.’’

मग त्या लॅपटॉप तुमच्याकडे फिरवतात. पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं; त्यातला एक प्रसिद्ध झालेला अर्ज उघडलाय. परदेशी कंपनी, वस्तूच्या कडेखाली सरकणारी स्प्रिंगची बोटं, कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही कामासाठी. दावा केवढा रुंद आहे बघा. हे मंजूर झालं तर इस्टेटीतला प्रत्येक चिमटा त्या कुंपणात जाईल.

तुम्ही जागच्या जागी फोन लावता. मिस्त्रीकाका आता ऐंशीच्या पुढचे, गोखिवऱ्याला मुलाकडे राहतात.

‘‘काका, तुम्ही ते प्रेसचे चिमटे करून द्यायचा ना गाळ्यांना, त्याचं चलन-बिल काही फाडायचा का?’’

‘‘फाडायचो ना. कार्बन कॉपी ठेवायचो. माळ्यावर असतील गठ्ठे, वाळवी लागली नसली तर. का रे?’’

‘‘आज संध्याकाळी येतो मी शिडी घेऊन. त्यात चिमट्याचं चित्र असलेलं एखादं आहे का?’’

‘‘चित्र नाही. माप आहे. बोटाची लांबी, पट्टीची जाडी, किती नग. आणि वर तारीख.’’